जुन्या पद्मिनीच्या मागच्या एक्सलचे सील आणि बेअरिंग कसे बदलावे

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळसर, चिकट तेलाचा ओघळ दिसला की आपण बाजारातून नवे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारे रबरी कडे, आणतो, बसवतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत तोच ओघळ पुन्हा पाहतो. माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. एका गॅरेजमध्ये डाव्या बाजूचे सील बदलून घेतले होते. चार महिन्यांनी पन्हाळ्याहून उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली. घरी येऊन ब्रेकचा ड्रम काढला, तेव्हा डावीकडचे दोन्ही लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी ब्रेकची अस्तरे, गिअर ऑइलने भिजलेले होते. एक्सलचा दांडा काढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका वयस्कर मेस्त्रींकडे नेला, तर त्यांनी सीलचा विषयही काढला नाही. बेअरिंगची बाहेरची कडी दोन बोटांत धरून हलवून दाखवली. बेअरिंग सैल झाल्यामुळे दांडा आपल्या मध्यावर न फिरता किंचित घेर घेत फिरत होता आणि नव्या सीलचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, त्या घेराने एका अंगाला घासून गेला होता.

तेव्हापासून हे काम मी स्वतः करत आलो आहे, आणि नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांना सर्वप्रथम हेच सांगतो की सील गळणे हा परिणाम असतो. त्याचे कारण बेअरिंगमध्ये, दांड्याच्या घासलेल्या पृष्ठभागात किंवा हौसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, तुंबलेल्या ब्रीदरमध्ये (श्वासछिद्रात) शोधावे लागते. हे काम करताना वाटेत एक असा भाग हाताळावा लागतो, ज्याच्यावर मागचे चाक गाडीला जोडलेले राहणे अवलंबून असते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे.

रचना

१९६४ मध्ये आपल्याकडे आलेल्या फियाट ११०० डिलाइटपासून ते १९७४ पासून पद्मिनी या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांपर्यंत मागच्या एक्सलची मूळ कल्पना एकच आहे. मधोमध क्राउन आणि पिनियन ही गिअरची जोडी, त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ नळीसारखे हौसिंग आणि त्या नळ्यांमधून जाणारे दोन दांडे. दांड्याच्या आतल्या टोकाला डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मधल्या गिअरसंचात, गुंतणाऱ्या खाचा असतात आणि बाहेरच्या टोकाला फ्लँज, म्हणजे रुंद चकती, असते, जिच्यावर ड्रम आणि चाक बसते. हौसिंगच्या तोंडाशी एकच बेअरिंग असते. गाडीचे वजन, चाकाला फिरवणारा पीळ आणि वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा हे तिन्ही भार दांडा व ते एक बेअरिंग मिळून सोसतात. या पद्धतीला सेमी-फ्लोटिंग एक्सल म्हणतात.

बेअरिंग दांड्यावर घट्ट दाबून बसवलेले असते आणि त्याच्यामागे, म्हणजे डिफरन्शियलच्या बाजूला, पोलादाची एक जाड कॉलर, म्हणजे कडे, तापवून घट्ट चढवलेली असते. बेअरिंगची बाहेरची कडी हौसिंगच्या तोंडाशी एका पट्टीने आवळलेली असते. आता विचार करावा: दांड्याला बाहेर सरकण्यापासून कोण रोखते? ती कॉलर. कॉलर सरकली तर बेअरिंग जागेवर राहील, पण दांडा, ड्रम आणि चाक यांसकट हौसिंगमधून बाहेर येईल. ट्रक किंवा बसच्या फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाकाचा हब स्वतःच्या बेअरिंगवर हौसिंगवरच बसलेला असतो, त्यामुळे दांडा मोडला तरी चाक जागेवर राहते. आपल्या गाडीत तशी सोय नाही, आणि म्हणूनच या लेखात कॉलरविषयी मी पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

आपली गाडी पद्मिनी नसेल, तर ड्रम काढल्यावर काय दिसते ते आधी पाहावे. फ्लँजच्या मागे पट्टी आणि तिला आवळणारे नट दिसले, तर पुढील सर्व माहिती लागू पडेल. फ्लँजऐवजी मधोमध एक मोठा नट आणि निमुळत्या दांड्यावर चावीने बसवलेला हब दिसला, जसा काही जुन्या जीपमध्ये असतो, तर हब काढायला वेगळा पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) लागतो. हब हौसिंगवरच मोठ्या नटने आवळलेला असेल, तर तीही निराळी रचना आहे. अशा वेळी त्या गाडीची दुरुस्ती पुस्तिका मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोष ओळखणे

सर्वप्रथम ओघळ कशाचा आहे ते ठरवावे. गिअर ऑइल जाड असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते, पाण्यात मिसळते आणि रंगाला लागले तर रंग उचलते. ओघळ ब्रेक ऑइलचा असेल तर दोष चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये आहे आणि एक्सल उघडण्याची गरज नाही. दोन्ही एकाच वेळी गळत असल्याचेही मी पाहिले आहे, म्हणून एक सापडले की शोध थांबवू नये.

बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढणाऱ्या गुणगुणण्यासारखा असतो. क्लच दाबून किंवा गिअर न्यूट्रलला टाकून गाडी नुसती घरंगळत असतानाही तो येत राहतो, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यावरचा संशय दूर होतो. लांब वळणावर डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते. त्या वेळी गुणगुणणे वाढले तर उजवे बेअरिंग, आणि उजवीकडे वळताना वाढले तर डावे बेअरिंग संशयास्पद धरावे. गगनबावड्याच्या रस्त्यावर अशी लांब वळणे पुष्कळ आहेत आणि काचा खाली करून हळू गेले की फरक स्पष्ट ऐकू येतो. टायरची झीज असमान असेल तर तीही असाच आवाज करते, म्हणून आधी पुढची आणि मागची चाके अदलाबदल करून आवाज कुठे जातो ते पाहावे.

शेवटची परीक्षा उभ्या गाडीवर होते. मागचे चाक उचलून, वर आणि खाली हात धरून आळीपाळीने आत-बाहेर ढकलावे. बोटांना स्पष्ट खटका जाणवला तर बेअरिंग गेले आहे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने बॅकप्लेटजवळ, म्हणजे ड्रममागच्या ब्रेक धरणाऱ्या तबकडीजवळ, हात ठेवून फ्लँज हलते की संपूर्ण हौसिंगच पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) हलते हे पाहावे. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असले तरी असाच भास होतो.

ब्रीदरविषयी सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो फार थोडे लोक तपासतात. हौसिंगच्या वरच्या बाजूला एक लहान श्वासछिद्र असते. गाडी चालली की तेल आणि आतली हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि या छिद्रातून बाहेर पडते. छिद्र चिखलाने तुंबले तर दाब सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, तेल बाहेर ढकलतो. उलट, तापलेले हौसिंग पाण्यात बुडाले तर आतली हवा अचानक आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या मालकांनी नंतर इंजिन आणि गाद्यांकडे लक्ष दिले, पण एक्सलचे तेल बदलायचे पुष्कळांच्या मनात आले नाही. पुरात सापडलेली जुनी गाडी विकत घेतली असेल, तर या तेलाचा रंग पाहिल्याशिवाय ती लांबच्या प्रवासाला काढू नये. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे तेलात पाणी. अशा एक्सलमध्ये बेअरिंगवर गंजाचे ठिपके असण्याची शक्यता मोठी असते.

खरेदी आणि तयारी

नवे बेअरिंग नाव सांगून न आणता जुन्यावरचा क्रमांक वाचून आणावे. क्रमांकाचे गणित सोपे आहे: शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. उदाहरणार्थ, ६२०७ या बेअरिंगचे भोक ३५ मिमी, बाहेरचा व्यास ७२ मिमी आणि जाडी १७ मिमी असते. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकणे आहेत आणि आत ग्रीस भरलेले आहे. सी३ अशी खूण असेल तर आतली मोकळीक सर्वसाधारणपेक्षा जास्त आहे. मूळ बेअरिंगवर ती खूण असेल तरच नवे तसे घ्यावे. आधीच्या कुणीतरी चुकीचे बेअरिंग घातलेले असू शकते, म्हणून क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहणे उत्तम. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली बेअरिंग विकले जातात. या जागेसाठी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीसह खरेदी करावी आणि चार पैसे वाचवण्याचा विचार मनात आणू नये.

सीलवरही तीन मापे छापलेली असतात: दांड्याचा व्यास, हौसिंगच्या भोकाचा व्यास आणि जाडी. दोन ओठांचे, आत स्प्रिंग असलेले सील घ्यावे. जुने सील काढताना वाकडे होते, म्हणून त्याचे माप आधीच व्हर्नियरने घेऊन ठेवावे. सील दोन्ही बाजूंची बदलावीत. बेअरिंग मात्र ज्या बाजूचे खराब असेल तेवढेच बदलावे की दोन्ही, हा निर्णय दुसऱ्या बाजूचे बेअरिंग हातात आल्यावर घ्यावा. दोन्ही एकाच वयाची असतील तर मी दोन्ही बदलतो. नव्या कॉलरविषयी मात्र निवड नाही. एकदा उतरवलेली कॉलर पुन्हा वापरायची नाही, मग ती कितीही चांगली दिसो.

याशिवाय दोन भक्कम स्टँड, जॅक, लाकडी ठोकळे, गोटी पाने (सॉकेट), रिंग पाने, ईपी ९० प्रतीचे गिअर ऑइल, पट्टीखालचे पॅकिंग, नवे स्प्रिंग वायसर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि स्वच्छ सुती चिंध्या लागतील. कॉलर आणि बेअरिंग उतरवण्या-चढवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस हवा. तो घरी नसतो आणि असण्याची गरजही नाही, कारण उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात प्रेस आणि लेथ असलेले कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. या शहराचे हे मोठे सुख आहे.

एक्सल बाहेर काढणे

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, चाकाचे बोल्ट जमिनीवरच सैल करावेत आणि मग मागची बाजू उचलून हौसिंगखाली, पाट्यांच्या जवळ स्टँड लावावेत. विटा, दगड किंवा नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल तर तो सोडून ठेवावा, नाहीतर ड्रम निघणार नाही.

तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडतो की नाही ते पाहावे. खालचा प्लग उघडून तेल सांडून टाकले आणि वरचा प्लग गंजाने अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. सोडलेले तेल पसरट भांड्यात घेऊन उजेडात पाहावे. बोटांना मऊ लागणारा राखाडी लेप नेहमीचाच असतो. चमकणारे कण किंवा दातांचे तुकडे दिसले तर क्राउन-पिनियनही उघडावे लागेल आणि हे काम तिथेच थांबवावे.

ड्रमला फ्लँजवर धरणारे लहान स्क्रू काढून ड्रम ओढून घ्यावा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये; पाण्याने ओली करून चिंधीने पुसावी आणि चिंधी पिशवीत बांधून टाकावी. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा तापवून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण लायनरच्या छिद्रांत शिरलेले तेल ड्रम तापला की परत वर येते. लायनर बदलावेत, आणि ते दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला ओढेल.

आता फ्लँजमधील भोकातून गोटी घालून, फ्लँज फिरवत फिरवत, मागच्या पट्टीचे नट एकेक करून काढावेत. हेच बोल्ट बॅकप्लेटही धरून ठेवतात. नट निघाल्यावर बॅकप्लेट लोंबकळली तर ब्रेकची नळी वाकते, म्हणून दांडा निघताच एक नट हाताने परत लावून बॅकप्लेट जागेवर ठेवावी. दांडा ओढायला स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणारे हत्यार) मिळाला तर उत्तम. तो नसेल तर ड्रम उलटा करून लांब बोल्टांनी फ्लँजवर सैलसर लावावा आणि दोन्ही हातांनी झटक्यासरशी बाहेर ओढावा. ड्रमचे वजनच हॅमरचे काम करते. फ्लँज आणि बॅकप्लेट यांच्यामध्ये पहार घालून उचकटू नये, कारण त्याने बॅकप्लेट वाकते आणि नंतर ब्रेक कधीच नीट बसत नाहीत. बेअरिंग फार झिजलेले असेल तर दांडा बाहेर येतो आणि बेअरिंगची बाहेरची कडी हौसिंगमध्येच राहते. ती आतल्या पुलरने काढावी लागते.

सुटलेला दांडा हौसिंगच्या काठावर न टेकवता सरळ बाहेर घ्यावा. मग डोळ्यासमोर आडवा धरून आतल्या टोकाच्या खाचांवरून नजर फिरवावी. खाचा सरळ रेषेत असाव्यात. त्यांना मळसूत्रासारखा पीळ पडलेला दिसला तर दांडा थकला आहे. त्यावर नवे बेअरिंग बसवण्यात अर्थ नाही.

सील काढणे आणि दांड्याची तपासणी

सील हौसिंगच्या भोकात, बेअरिंगच्या आतल्या बाजूला बसलेले असते. ते आकडीने किंवा वाकवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने ओढून काढावे. भोकाच्या भिंतीला ओरखडा उमटणार नाही याची काळजी घ्यावी. काढण्यापूर्वी सील काठापासून किती आत बसले आहे आणि त्याचा ओठ कोणत्या दिशेला आहे, हे मोजून वहीत लिहून ठेवावे. काही एक्सलमध्ये सील बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला असते आणि बेअरिंगला डिफरन्शियलचेच तेल मिळते. तिथे झाकणांचे, ग्रीस भरलेले बेअरिंग चालत नाही, म्हणून मूळ क्रम लिहून ठेवणे महत्त्वाचे आहे.

सीलचा ओठ ज्या पृष्ठभागावर फिरतो, तो पृष्ठभाग आता नखाने तपासावा. काही एक्सलमध्ये हा पृष्ठभाग दांड्याचाच असतो, तर काहींत कॉलरचा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर कोणतेही नवे सील तिथे तेल अडवणार नाही. खाच हलकी असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाकार दिशेने घासावे. लांबीच्या दिशेने घासले तर सूक्ष्म ओरखड्यांवाटे तेल वाहून जाते. जागा असेल तर नवे सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवून ओठ नव्या जागी आणता येतो. खाच खोल असेल तर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी, किंवा लेथवाल्याकडून त्या भागावर हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करून घ्यावे. वेल्डिंगने भर घालून लेथवर उतरवून देण्याची तयारी काही जण दाखवतात. मी ती स्वीकारत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याच्या पोलादावर केलेली प्रक्रिया बिघडते आणि नेमक्या त्या ठिकाणी दांडा पुढे तडकू शकतो.

कॉलर आणि बेअरिंग

हे काम प्रेसवर होते, तरी मालकाने तिथे उभे राहावे आणि काय चालले आहे ते पाहावे. जुनी कॉलर आधी काढावी लागते. तिच्यात ड्रिलने एक भोक पाडतात, पण ते कॉलरच्या जाडीच्या आतच थांबवतात. मग त्या जागी छिन्नी ठेवून हातोड्याचा एक जोरदार घाव घातला की कॉलर चिरते आणि सैल होते. ड्रिल किंवा ग्राइंडर दांड्याला लागला तर तिथे तडा जाण्याची सुरुवात होते. म्हणून घाई करणाऱ्या कारागिराला इथे थांबवण्यात संकोच करू नये. त्यानंतर बेअरिंगच्या आतल्या कडीखाली दुभंगलेली प्लेट लावून प्रेसने बेअरिंग उतरवावे. प्रेस चालू असताना दांड्याभोवती जाड कापड गुंडाळावे, कारण घट्ट बेअरिंग फुटून त्याचे तुकडे उडू शकतात.

उघड्या दांड्याची जागा मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. दांडा बेअरिंगच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाने जाड असला पाहिजे आणि कॉलरची पकड त्याहून अधिक घट्ट हवी. बेअरिंग किंवा कॉलर हाताने सरकते आहे असे दिसले तर काम तिथेच थांबवावे. अशा वेळी दांड्यावर पंचाने ठिपके मारून किंवा चिकटद्रव लावून पकड आणण्याचा सल्ला मिळतो. ज्या पकडीवर चाक अवलंबून आहे, तिच्यासाठी हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. दुसरा दांडा शोधावा.

बसवण्याचा क्रम लक्षात ठेवावा: फ्लँजकडून सुरुवात केली तर आधी पट्टी, मग बेअरिंग, मग कॉलर. पट्टी घालायची राहिली आणि कॉलर चढली, तर नवी कॉलर तोडून सर्व काही पुन्हा करावे लागते, कारण पट्टी फ्लँजवरून जात नाही. प्रेसला दांडा लावण्यापूर्वी पट्टी आत आहे आणि तिची योग्य बाजू बेअरिंगकडे आहे, हे मोठ्याने उच्चारून खात्री करावी. माझ्या देखत हे एकदा विसरले गेले आहे आणि त्यात नवे बेअरिंगही वाया गेले.

बेअरिंगवर जोर फक्त आतल्या कडीवरच द्यावा. बाहेरच्या कडीवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, कड्यांवर गोळ्यांचे सूक्ष्म ठसे उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणू लागते. त्यासाठी आतल्या कडीच्या मापाची, तोंड सपाट असलेली नळी वापरावी. बेअरिंग तापवून चढवायचे असेल तर मर्यादा पाळावी: साधे बेअरिंग १२० अंश सेल्सिअसच्या आत, आणि झाकणे व ग्रीस असलेले बेअरिंग ८० अंशांच्या आत. गॅसची ज्योत बेअरिंगला कधीही लावू नये.

कॉलरचे मात्र वेगळे आहे. ती जास्त तापवावी लागते, म्हणजे तिचे भोक फुगते आणि ती दांड्यावरून सरकते. घासून चकचकीत केलेली कॉलर तापवली की पोलादाचा रंग बदलत जातो: २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० जवळ निळा. निळेपणाची छटा येताच ती पकडीने उचलून दांड्यावर घालावी आणि प्रेसने बेअरिंगच्या आतल्या कडीला पूर्ण टेकेपर्यंत दाबून, थंड होईपर्यंत दाब ठेवावा. लाल होईपर्यंत तापवू नये. कॉलर टेकल्यावर तिची उष्णता बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत पोहोचू नये म्हणून कॉलरवर कॉम्प्रेसरची हवा मारत राहावी. पाणी ओतू नये. थंड झाल्यावर कॉलर आणि बेअरिंग यांच्यामध्ये सर्वांत पातळ फीलर गेजही (फट मोजण्याची पट्टी) जाता कामा नये.

परत जोडणी

हौसिंगचे भोक रॉकेलने पुसून कोरडे करावे आणि सीलच्या बाहेरच्या कडेला तेलाचा हलका हात लावावा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे असावी. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी किंवा सपाट चकती सीलवर ठेवून, सर्व बाजूंनी सारखे, वहीत लिहिलेल्या खोलीपर्यंत ठोकत न्यावे. तिरके बसलेले सील परत सरळ करण्याच्या भानगडीत न पडता दुसरे घ्यावे. ओठांना आणि त्यांच्यामधल्या जागेत ग्रीस भरावे, कारण पहिल्या काही फेऱ्यांत तेल तिथे पोहोचलेले नसते आणि कोरडा ओठ जळतो.

ब्रीदर याच वेळी काढून तार आणि रॉकेल वापरून स्वच्छ करावा व फुंकर मारून हवा जाते याची खात्री करावी.

दांडा आत घालताना घाई करू नये. खाचांच्या धारदार कडा सीलच्या ओठावरूनच आत जातात; दांड्याचे वजन ओठावर पडले तर तो फाटतो आणि ते तेल सुटेपर्यंत कळत नाही. एका हाताने फ्लँज आणि दुसऱ्या हाताने, जमेल तितक्या आतपर्यंत, दांडा उचलून धरावा आणि सरळ रेषेत ढकलत न्यावा. सोबतीला दुसरा माणूस असला तर फार बरे. आत टेकल्यावर फ्लँज किंचित फिरवली की खाचा डिफरन्शियलमध्ये गुंततात. मग नवे पॅकिंग, पट्टी आणि नवे स्प्रिंग वायसर घालून नट आधी हाताने लावावेत आणि समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत, शेवटी पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर) पूर्ण करावेत. एकच नट आधी पूर्ण आवळला तर बेअरिंग भोकात तिरके बसते.

लायनर आणि ड्रम बसवून फ्लँज हाताने फिरवावी. ती मऊ, सारखी फिरली पाहिजे. कुठेही खरखर जाणवू नये. त्यानंतर गाडी सपाट असताना भरण्याच्या प्लगच्या काठापर्यंत तेल भरावे आणि जास्तीचे तेल आपोआप बाहेर येऊ द्यावे. गाडी तिरकी असताना भरले तर तेल जास्त होते आणि जास्तीचे तेलही सीलवरच येते.

पहिली चाचणी

पहिल्या दिवशी घाटात जाऊ नये. शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरचा फेरा मारावा आणि परत आल्यावर दोन्ही ड्रमच्या जवळ हाताचा मागचा भाग नेऊन उष्णता पाहावी. दोन्हींकडे सारखी, सहन होईल इतकी ऊब असावी. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर ब्रेक घासत आहे की बेअरिंग आवळले गेले आहे, ते ड्रम सैल करून शोधावे.

पन्नास किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून वर-खाली धरून हलवावे, बॅकप्लेटच्या खालच्या कडेवरून पांढरी चिंधी फिरवावी आणि पट्टीचे नट तपासावेत. हीच तपासणी ५०० किलोमीटरनंतर एकदा करावी. ड्रम काढलेला असताना बॅकप्लेट आणि फ्लँज यांच्यामधल्या अंतराची नोंद घ्यावी, आणि त्या वेळी घेतलेली नोंद वहीत ठेवून पुढच्या प्रत्येक ब्रेकच्या कामात तिच्याशी तुलना करावी. ते अंतर वाढले असेल तर कॉलर सरकू लागली आहे असे समजावे आणि ती गाडी ढकलूनही रस्त्यावर आणू नये; दांडा काढून प्रेसवर न्यावा.